पुष्कळ पायांचा पक्षी

पूर्वी चंपकनगरीत सुबाहू राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व तेथल्या तळ्यावर कमळपक्षी होऊन जन्मला. त्याची बोटे इतकी लांब, की तो कमळाच्या पानावरून चाले तरी पान बुडत नसे. या पक्ष्यांत मादी अंडी घालून निघून जाते. उबवणे, वाढवणे सारे बापाकडे. संकट दिसले की तो पिल्लांना पंखांखाली घेऊन चालू लागतो आणि त्यांचे पाय खाली लोंबत राहतात.

कमळे तोडणाऱ्या बायकांनी दुरून ते पाय तेवढे पाहिले. राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ लागतो? बातमी राजवाड्यात पोहोचली आणि पुष्कळ पायांचा तो पक्षी राजाला हवाच झाला. त्याने कुंजक पारध्याला धाडले. रिकाम्या हाताने आलास तर कारागृहात जाशील, हेही बजावले.

कुंजकाने पानांवर केसांचे फासे मांडले. त्यात बोधिसत्त्वाचा पाय अडकला. फाशात सापडलेला पक्षी पंख फडफडवतोच. हा मात्र निश्चल उभा होता. कुंजकाने त्याचा पंख हलकेच उचलला, तर आत चिमुकली पिल्ले. इतकी वर्षे पक्षी धरणाऱ्या त्या माणसाने तो पंख अलगद मिटवला.

"पंख उघडले असते तर ही पाण्यात पडली असती," बोधिसत्त्व म्हणाला. "बाबा, माझे पाय दोनच आहेत. पिल्लांना लव्हाळ्यात ठेवून येतो, मग मला खुशाल राजाकडे ने."

"माझीही पोरे घरी आहेत रे," कुंजक म्हणाला. "तू आला नाहीस तर त्यांचा बाप कारागृहात जाईल."

"म्हणूनच येईन."

कुंजकाने फासा सोडला. थोड्या वेळाने बोधिसत्त्व पानापानांवरून परत आला आणि त्याने आपणहून फाशात पाय ठेवला. लव्हाळ्यातून पिल्ले त्याला हाका मारीत होती. कुंजकाला रडू आवरेना. पक्ष्याला मोकळे करून तो तडक राजाकडे गेला. "महाराज, पक्षी आणला नाही. शिक्षा करायची ती करा, पण आधी तळ्यावर चला."

राजा रागावला, तरी गेला. काठावरून त्याने पाहिले: बाप खाली बसला, पिल्ले धावत येऊन पंखांत शिरली आणि तो पक्षी सगळ्यांचे पाय घेऊन पाण्यावरून चालू लागला. राजाचे हात आपोआप जोडले गेले.

"प्रजेचा बाप म्हणवतो मी," तो हळूच म्हणाला, "आणि एका हौसेपायी दोन बाप पोरांपासून तोडायला निघालो होतो." त्याने तळ्यावरचे सारे फासे काढवले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे विहाराला तळे खोदून देणारा गृहपती नंदिसेन. कुंजक म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारा भिक्षू सोमिल. तो पक्षी मी होतो आणि ती पिल्ले तुम्ही. पाय फाशात असताना ज्याच्यामुळे माझा पंख मिटलेला राहिला, त्या जीवमात्राविषयीच्या प्रेमाला मैत्री म्हणतात."