उंच उंबरठ्यांचं गाव

डोंगराच्या कुशीत, आंब्या-फणसांच्या हिरव्यागार सावलीत एक गाव होतं. गावाचं नाव उंचउंबरे. हे नाव कसं पडलं ते सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही. फार फार वर्षांपूर्वी तिथल्या एका माणसाने पाडव्याच्या दिवशी आपल्या उंबरठ्यावर आणखी एक फळी ठोकली. का ठोकली, देव जाणे. शेजाऱ्याला वाटलं, आपण का मागे राहावं? त्याने दोन ठोकल्या. झालं. तेव्हापासून दर पाडव्याला घरोघरी गुढी उभी राहायची आणि उंबरठ्यावर नवी फळी चढायची. ज्याचा उंबरठा उंच, त्याचा मान मोठा. माणसं आपल्याच घरात धडपडत शिरायची, गुडघे फोडून घ्यायची आणि वर मिशीला पीळ द्यायची.

साऱ्या गावात एकाच झोपडीला उंबरठा नव्हता. ती रेवूची. रेवूची आई अबोलीचे गजरे करून विकायची. त्यात भाकरीपुरतं पीठ जेमतेम यायचं, मग फळ्या कुठून आणणार? रेवू आठ वर्षांची होती. टपोरे डोळे आणि खोबरेल तेल चोपडून घातलेल्या दोन चिमुकल्या वेण्या. तिचे पाय जन्मापासून चालत नव्हते. आईने तिला फळीला चार चाकं लावून एक गाडुली करून दिली होती. हातातले दोन ठोकळे जमिनीवर रेटत रेवू अशी सुटायची की कोंबड्यांची पळापळ व्हायची. घरात ती चुलीपाशी जाई, परसात जाई, आईच्या टोपलीत फुलं भरून देई. तिथे ती नुसती रेवू होती. गावात मात्र प्रत्येक दारापाशी गाडुली अडायची आणि आतून कुणीतरी हळहळायचं, "बिचारी पांगळी गं."

सगळ्यात उंच उंबरठा शाळेचा. आणि रेवूला तर शाळेतच बसायचं होतं. रेशमी परकर नको, सोन्याचे डूल नकोत, फक्त इतर मुलांच्या रांगेत बसायला मिळावं, एवढंच तिच्या मनात होतं. रोज ती शाळेच्या खिडकीखाली गाडुली लावून कान देऊन ऐकत राही. गुरुजी काही वाईट नव्हते. ते खिडकीतून वाकून म्हणत, "रेवू बाळ, पाय बरे झाले की आत ये हो."

पाडवा उजाडला. त्या दिवशी शाळेत पाटीपूजन असायचं. मुलं कोऱ्या पाट्या काखेत मारून निघाली आणि गावभर फळ्या ठोकल्याचा ठकठकाट सुरू झाला. शाळेच्या दारातूनही तो आवाज आला तेव्हा रेवूला रडू फुटलं. कुणी पाहू नये म्हणून ती गाडुली हाकत फणसाच्या बागेत गेली.

बागेत सोनेरी ऊन पानापानांवर नाचत होतं. इवल्याशा निळ्या फुलांवर दवाचे मोती लुकलुकत होते. आणि एका फणसाच्या बुंध्यावर काहीतरी चमचमत होतं. रेवू जवळ गेली. बघते तर काय, वीतभर उंचीची एक परी! अबोली रंगाचा झगा, चतुराच्या पंखांहून नाजूक रुपेरी पंख, आणि ते पंख फणसाच्या चिकात घट्ट चिकटलेले.

"ओढू नका हं, फाटतील," रेवू म्हणाली. "चिकाला तेलच लागतं." तिने आपल्या वेणीवरून बोटं फिरवली आणि ती तेलकट बोटं पंखांवर हळूहळू चोळली. पुन्हा वेणी, पुन्हा पंख. घटकाभराने एकेक पंख अलगद सुटला.

"मी तुम्हाला खाली ठेवते, तुम्ही चालत सावलीत जा," रेवू म्हणाली.

परी खुदकन हसली. "चालत? अगं, मला एक पाऊल चालता येत नाही."

रेवू बघतच राहिली. परीचे पाय सुपारीएवढे होते, नुसते शोभेचे. "मग तुमच्याकडे तुम्हाला पांगळी म्हणतात?"

"कोण म्हणणार? आमच्याकडे जिने नाहीत, उंबरठे नाहीत. दारं सगळी आभाळात. तिथे सगळे उडतात. तुमचे गुरुजी आले ना, तर दारापर्यंतसुद्धा पोचायचे नाहीत. मग आम्ही म्हणू, बिचारे गुरुजी."

गुरुजी ढगाखाली उभे राहून हाका मारताहेत, हे डोळ्यांपुढे येऊन रेवू पोट धरून हसली. रडू कुठल्या कुठे पळालं.

"तू मला सोडवलंस. आता एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम ऐक. इच्छा एकच. ती आज गुढी उतरेपर्यंतच चालेल, पण तोवर जे बदलेल ते कायमचं. आणि ज्याची वस्तू बदलायची, त्याने आपल्या तोंडाने 'बरं' म्हणायला हवं. आता सांग, पाय मागतेस?"

रेवूने खूप विचार केला. पाय मिळाले तर पळता येईल, झाडावर चढता येईल. तिला ते हवंसं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर फार हवंसं वाटलं. पण तिला शेजारचे धोंडूआजोबा आठवले. तीन वर्षांत ते घराबाहेर आले नव्हते. कडेवर बाळ घेऊन उंबरठ्यावरून पडलेली कुंभाराची सखूमावशी आठवली. तिने मान वर केली. "गावातले सगळे उंबरठे खाली येऊ देत."

परीचे डोळे लकाकले. गाडुलीवर आईची फुलांची टोपली होतीच. परी तिच्यात लपून बसली आणि गाडुली निघाली.

पहिलं दार धोंडूआजोबांचं. "आजोबा, उंबरठा खाली आणू का? बाहेर येता येईल," रेवूने विचारलं. "माझे गुडघे गेले पोरी, म्हणून आत बसतो," ते आतून म्हणाले.

"आजोबा, घरात फिरता का?"

"घरभर फिरतो. माळ्यावरचे कांदेसुद्धा काढतो."

"मग गुडघे कुठे गेले? ते तर आहेत की."

आजोबांना हसू आलं. "खरंच की गं. बरं, काढ त्या फळ्या."

टोपलीतून एक चंदेरी किरण निघाला. फळ्या लोण्यासारख्या विरघळल्या आणि दारात गुळगुळीत, गुलाबी दगडाचा छोटासा उतार झाला. आजोबा बाहेर आले, उन्हात उभे राहिले आणि लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले.

पण पुढच्या दारी नाही, त्याच्या पुढच्या दारीही नाही. "आमचं नाक कापलं जाईल," असं म्हणून लोकांनी दारं लावून घेतली. पालथ्या घड्यावर पाणी. तरी रेवू हटली नाही. आता धोंडूआजोबा बरोबर होतेच. ते चालताना पाहून सखूमावशीने बाळ सावरत "बरं" म्हटलं. तिच्या उतारावरून वासरू दुडदुडत आत गेलं ते पाहून गवळ्याने म्हटलं. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांनी तर नवऱ्यांना विचारलंसुद्धा नाही. गल्लीभर गुलाबी उतार चमकू लागले, तशी दारं लावून घेतलेल्यांनीही एकेक करून "बरं" म्हटलं.

सूर्य कलला. गुढ्या उतरवायची वेळ झाली आणि शाळेचं दार तेवढं राहिलं. गुरुजी दारात उभे होते, हातात हातोडा.

"शाळेचा उंबरठा हा शाळेचा मान आहे," ते म्हणाले. "आणि तुला तर खिडकीतून सगळं येतंच की. तेराचा पाढा म्हण बघू."

रेवूने घडाघडा म्हटला. मग कविता म्हटली, मग नद्यांची नावं सांगितली. गुरुजी खूश झाले. त्यांनी खडू पुढे केला. "शाबास. आता या फळीवर 'क' काढ."

रेवूने खडू घेतला. हात तसाच राहिला. "गुरुजी, 'क' कसा दिसतो?" तिने विचारलं. "फळा आत आहे ना. मी फक्त ऐकलाय."

गुरुजींनी शाळेकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. तीन वर्षं ही पोर इथे बसली होती आणि तिने एक अक्षर पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. हातोडा खाली ठेवून ते म्हणाले, "बरं. बरं बाळ. आधीच म्हणायला हवं होतं."

रुपेरी, गुलाबी, केशरी उजेड पसरला. फळ्या गेल्या. रेवूने ठोकळे रेटले आणि गाडुली सुळकन वर्गात शिरली, मागोमाग गावची मुलंही.

"पाय बरे झाले वाटतं रेवूचे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"पाय आहेत तसेच आहेत," गुरुजी म्हणाले. "दार बरं झालंय."

परी टोपलीतून उठली. सगळ्या मुलांच्या डोक्यावरून एक चक्कर मारून, रेवूच्या नाकावर चिमूटभर चमचम शिंपडून ती उजेडात उजेड होऊन मिसळून गेली.

गुरुजींनी फळ्यावर भला मोठा 'क' काढला. रेवूने तो डोळे भरून पाहिला. आणि मग शेजारच्या मुलीला परीची गोष्ट सांगायला लागली. ती सांगतच राहिली. शेवटी गुरुजींनी टेबलावर छडी आपटली. "रेवू, वर्गात बडबड नको."

रेवूला अशी बोलणी आयुष्यात पहिल्यांदाच बसली. ती इतकी आनंदली की तिने लगेच पुन्हा बडबड सुरू केली.