उन्हात वाळत घातलेली पट्टी

“…मग बाबा, शिक्का उठवू ना?”

रायाजी कारभाऱ्यानं तिसऱ्यांदा विचारलं. चिरागशा फकीर चुलीवर हळद घालून तेल कढवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“कशावर?”

“हुकमावर. गडावर धाकट्या गादीचे चाळीस जखमी कैदी पडलेत. उद्या त्यांच्या गर्दना मारायच्या. माझा शिक्का तेवढा राहिलाय.”

गादीवरून दोन चुलतभावांत यादवी पेटली, त्याला दहावं वर्ष लागलं होतं. थोरल्याची माणसं पिवळे फेटे बांधत, धाकट्याची पांढरे. रायाजी थोरल्याकडचा साधा शिपाई होता. आता दरबारात त्याच्या शब्दाशिवाय पान हलत नसे.

“त्यांनी आमची तीन गावं जाळली, बाबा. माझा मेव्हणा त्यात गेला.”

“हं…”

“तुम्ही मला नवा जन्म दिलात. तुम्हाला विचारल्याशिवाय एवढं मोठं काम करायचं नाही, म्हणून आलो.”

हे तो अगदी मनापासून बोलत होता. सात वर्षांपूर्वी नदीच्या उतारावर लढाई झाली, त्यात त्याची मांडी चिरली गेली. याच झोपडीत फकिरानं त्याला तीन दिवस बेशुद्धीत सांभाळलं. तेव्हापासून दरवर्षी तो शाल आणि गूळ घेऊन यायचा. शाल फकीर कुणालातरी देऊन टाकी. गूळ मात्र ठेवून घेई.

“डबी आणलीस?”

“ती नेहमी जवळच असते.”

चांदीच्या डबीत त्याच्या जखमेवरची पट्टी होती, पिवळीधमक. खरं तर या पट्टीनंच शिपायाचा कारभारी केला होता. गावोगावच्या चावडीवर ती उंच धरून तो सांगायचा, “आपल्याच कुण्या भावानं फेटा फाडला, म्हणून मी आज उभा आहे!” लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग ते तलवारी घेऊन निघायचे.

फकिरानं पट्टी उचलली, पाण्यात खळबळली आणि कुंपणावर उन्हात टाकली.

“बाबा! ती धुवायची नसते…”

“जखमेवरची चिंधी धुवायचीच असते. बस. भाकरी खा.”

दोघं जेवले. फकिरानं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तो भिंतीला टेकला. रायाजी मांडीवर हुकमाची गुंडाळी घेऊन बसून राहिला.

ऊन कलल्यावर फकीर म्हणाला, “जा, आण.”

रायाजी कुंपणापाशी गेला आणि तिथंच थबकला.

पट्टी पांढरी झाली होती. कडेला जुन्या रक्ताचा तपकिरी डाग तेवढा उरला होता.

“ही माझी नाही…”

“कुंपणावर दुसरी कुठंय?”

रायाजीनं चुलीवरच्या तेलाकडं पाहिलं. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे त्याच्या घरातल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. पण सात वर्षं त्यानं त्या चिंधीला ऊन दाखवलं नव्हतं.

“कोण होता तो?”

“तुला पाठीवर घालून आला. माझ्याकडची फडकी संपली होती. त्यानं स्वतःचा फेटा सोडला, फाडला… आणि उघड्या डोक्यानं गेला.”

“नाव?”

“त्यानं तुझं विचारलं नाही. मग मी त्याचं कसं विचारू?”

“इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?”

“दरवेळी तूच बोलत होतास.”

रायाजी तिथंच बसला. पट्टी डोळ्यांना लावून तो हमसून हमसून रडला. सात वर्षं चावडीवर त्यानं आभार मानले होते, पण ते मानताना ऊर असा भरून आला नव्हता.

“बाबा… त्या चाळिसांत तो असेल?”

फकिरानं चुलीवरचं तेल उतरवून लोटक्यात ओतलं.

रायाजीनं हुकमाची गुंडाळी चुलीत सारली. मग डोक्यावरचा पिवळा फेटा सोडला आणि सगळा फकिरापुढं ठेवला.

“घ्या. पट्ट्या करा याच्या.”

फकिरानं कापड बोटांनी चाचपलं. चांगलं मऊ होतं. त्यानं त्याची घडी घातली, ती रायाजीच्या हातात परत दिली आणि वर हळदीच्या तेलाचं लोटकं ठेवलं.

“माझ्याकडं आज एकही जखमी नाही. गडावर चाळीस आहेत म्हणालास ना?”