संकल्पाचे पाणी

एके काळी एका नदीकाठी बंदुका घडवणारे एक गाव होते. गावात शेती थोडी आणि कारखाना मोठा. दूरच्या दोन देशांत युद्ध पेटले होते, आणि ते पेटलेले होते तोवर या गावात तिन्ही पाळ्यांना भोंगा वाजत असे. कोणी नळी कोरी, कोणी लाकडी दस्ता घाशी, कोणी चाप बसवी. फाटकासमोर अनसूयाबाईंची खानावळ होती. तिच्या चुली थंड झालेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. शिंपी, सोनार, सायकलवाला, सगळ्यांचेच बरे चालले होते. आपल्या बंदुका कुठे जातात हे गावाला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि मनात येणे वेगळे.

पुढे त्या दोन देशांत तह झाला. तिकडे लोकांनी अंगणात दिवे लावले असतील. इकडे कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली, की मागणी घटल्यामुळे निम्म्या कामगारांची आता आवश्यकता उरलेली नाही.

त्या निम्म्यांत केरबा होता. मिसरूड फुटले तेव्हापासून तो नळ्या कोरत आला होता. ज्या वृद्ध गुरुजींनी कारखान्याच्या शिकाऊ वर्गात त्याला हे काम शिकवले, ते निवृत्त होऊन वरच्या आळीत एकटेच राहत. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. केरबाला तर ते वडिलांच्या ठिकाणी होते.

सूचना वाचून केरबा कारखान्याच्या मालकांच्या, शेठजींच्या बंगल्यावर गेला. पहारेकऱ्याने त्याला उन्हात उभे केले. बऱ्याच वेळाने मुनीम बाहेर आले आणि म्हणाले, की शेठजींनाही या गोष्टीचे अतिशय दुःख झालेले आहे. मुनीम हे सांगत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे बंगल्याच्या नव्या भागात संगमरवर उतरवून घेतला जात होता. केरबाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने हातातली पिशवी पायरीवर आपटली आणि मुनिमांना नको ते बोलून तो परत फिरला.

पावसाळा सरला तेव्हा गाव ओळखू येईना. शिंप्याने यंत्र विकले. सोनार पूर्वी ज्यांना दागिने घडवून देत होता, त्यांचेच दागिने आता मोडून घेऊ लागला. अनसूयाबाईंनी खानावळीला कुलूप घातले आणि त्या लग्नाकार्यात स्वयंपाकाला जाऊ लागल्या. केरबा तालुक्याच्या गावी पोती उचलायला जाई आणि खांदे सोलून घरी येई. बायको त्याला तेल लावायला बसली, की तो तिच्यावरच खेकसे. राग त्याच्या अंगात कायमचा राहायला आला होता आणि त्याला जायला जागा नव्हती. मग तो जवळच्या माणसांवर निघे.

अशातच वर्तमानपत्रात काहीतरी येऊ लागले. त्या दोन देशांच्या सीमेवर पुन्हा कुरबुर सुरू झाली होती. न्हाव्याच्या दुकानात कोणीतरी ती बातमी मोठ्याने वाचली आणि बाकावर बसलेल्यांचे चेहरे उजळले. त्याच आठवड्यात शेठजींनी जाहीर केले, की गावाच्या भरभराटीसाठी कारखान्याच्या मैदानावर एक मोठा यज्ञ होईल, सर्व खर्च ते स्वतः करतील, आणि काम गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने महाप्रसादाला यावे. मुनिमांनी घरोघर जाऊन आमंत्रण केले. मागणी येण्याची चिन्हे आहेत, असेही ते जाता जाता सांगत. मंडपासाठी बांबू रोवायला काम गेलेलीच माणसे पुढे झाली. त्यांत केरबाही होता.

केरबा धावतच गुरुजींकडे गेला. कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होते.

"गुरुजी, बातमी चांगली आहे. सीमेवर पुन्हा गोळीबार झाला."

गुरुजी तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किती माणसे गेली?" त्यांनी विचारले.

 बातमीचा तेवढा भाग केरबाने वाचलाच नव्हता.

 तांदूळ निवडून झाल्यावर गुरुजींनी ताट बाजूला ठेवले आणि ते म्हणाले, की शेठजींना माझा निरोप सांग. यज्ञात कामगारांच्या वतीने संकल्प सोडायला कोणी वडीलधारा हवा असेल, तर मी बसेन. केरबाला याचे मोठे नवल वाटले. गुरुजी असल्या समारंभांना कधी जात नसत. शेठजींनी त्यांना शाल देऊ केली होती तेव्हाही ते गेले नव्हते. पण त्याला बरेही वाटले. गुरुजींसारखा माणूस बसतो म्हणजे या कार्यात खोट नाही, असे त्याने स्वतःला सांगितले. शेठजी तर प्रसन्नच झाले. त्यांनी गुरुजींना आणायला मोटार पाठवली. गुरुजी पायी गेले.

यज्ञाच्या दिवशी मैदान माणसांनी भरले होते. एका अंगाला मोठमोठ्या कढया चढल्या होत्या. तिथे अनसूयाबाई जिलबी तळत होत्या. शेठजी पत्नीसह पाटावर बसले होते आणि शेजारच्या पाटावर धुतलेले धोतर नेसून गुरुजी. भटजींसमोर ध्वनिक्षेपक होता. त्यांनी गुरुजींच्या उजव्या तळहातात अक्षता, फूल आणि पळीभर पाणी दिले, देशकालाचा उच्चार केला आणि ते उद्योगाच्या अभिवृद्धीपर्यंत येऊन पोचले. तिथे गुरुजींनी डावा हात वर करून त्यांना थांबवले.

"भटजी, मागणे देवाला कळले तरी पुरत नाही. मागणाऱ्यालाही कळले पाहिजे. एवढे मी मराठीत म्हणतो."

भटजींनी शेठजींकडे पाहिले. शेठजींनी हसून मान डोलावली.

गुरुजींचा आवाज म्हातारा होता, पण ध्वनिक्षेपकामुळे तो शेवटच्या माणसापर्यंत गेला. ते म्हणाले, "देवा, तिकडची माणसे मरायची थांबली म्हणून आमच्या चुली विझल्या. आमच्या चुली पेटाव्यात यासाठी तिकडची माणसे पुन्हा मरू देत. आमच्या पोरांच्या वयाची पोरे मरू देत. आम्ही कोरलेल्या नळीतून सुटलेल्या गोळीनेच मरू देत, नाहीतर मागणी दुसऱ्या कारखान्याला जाईल. आणि लवकर मरू देत, कारण आमच्याजवळ फार दिवस उरलेले नाहीत."

मैदानात कढईतल्या तेलाचा आवाज ऐकू येत होता.

गुरुजींनी तळहात तसाच धरून ठेवला होता. ते लोकांकडे वळून म्हणाले, "हे ज्याचे मागणे असेल त्याने पुढे यावे आणि हे पाणी आपल्या हाताने सोडावे. माझ्या हातून ते सुटत नाही."

कोणी पुढे आले नाही. थोडे पाणी बोटांच्या फटीतून गळू लागले तेव्हा गुरुजींनी फूल आणि अक्षता पाटावर ठेवल्या, तळहात उपरण्याला कोरडा पुसला आणि ते उठले.

मग मात्र गलका झाला. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याने अपशकुन केला. कोणी म्हणाले, येऊ घातलेली मागणी आता परत जाईल. एकाने त्यांच्या उपरण्याला हात घातला, दुसऱ्याने ढकलले. केरबाने मध्ये पडून त्यांना गर्दीबाहेर काढले. पण गुरुजींच्या घराच्या पायरीवर येताच त्याचा तोल सुटला.

"तुम्हाला निवृत्तिवेतन मिळते, गुरुजी," तो म्हणाला. "तुमची चूल रोज पेटते. ज्यांची पेटत नाही त्यांना चारचौघांत खुनी ठरवायला तुम्हाला काय जाते? माझी पोरगी शाळेतून काढली मी. तिला जाऊन सांगू का, की तुझा बाप लोकांचे मरण मागतो?"

गुरुजी पायरीवर बसले. ढकलाढकलीत त्यांचे कोपर खरचटले होते. तिकडे त्यांचे लक्ष नव्हते.

"माझी चूल पेटते हे खरे आहे," ते म्हणाले. "आणि तुझा राग खरा आहे. पण मला सांग, शेठजींच्या पायरीवर पिशवी आपटलीस तेव्हा तो राग जिथे होता, तिथे आज का नव्हता? त्यांचा मंडप तूच उभारलास. युद्ध चालले होते तेव्हा तुम्ही रात्रंदिवस राबलात आणि नफा बंगल्यात गेला. युद्ध थांबले तेव्हा तोटा मात्र तुमच्या घरी आला. हा कारखाना उभा राहिला तो विहिरीवरचे पंप आणि तेलाचे घाणे करण्यासाठी. ती यंत्रे अजून आत आहेत, त्या कामाला गिऱ्हाईकही आहे. त्यात नफा कमी, म्हणून ती शेड बंद केली. यंत्राला कुठे कळते, की आपण बंदुकीची नळी कोरतो आहोत की पंपाची? शेठजी थांबू शकतात, केरबा. पुढचे युद्ध येईपर्यंत ते बसून राहतील. तुम्हाला थांबता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. त्यांनी तुमच्या पोटावर पाय आणला हा एक अन्याय. पण काम त्यांच्याकडे मागायचे सोडून ते तुम्ही परक्या माणसाच्या मरणाकडे मागावे, आणि त्यासाठी त्यांचीच जिलबी खाऊन हात जोडावेत, हा दुसरा अन्याय पहिल्याहून मोठा आहे. मी तुम्हाला खुनी म्हणालो नाही. तुम्हाला कोण काय करायला लावत आहे, ते तुमच्या कानांवर घातले."

 गुरुजींच्या पाया न पडताच केरबा निघून गेला.

तो मैदानावर परत आला तेव्हा यज्ञ उरकून पंगती बसल्या होत्या. त्याच्या ओळखीची सगळी माणसे मान खाली घालून जेवत होती.  अनसूयाबाई जिलबीची परात घेऊन वाढत होत्या. त्या त्याच्याजवळ येऊन थांबल्या आणि हळू आवाजात त्यांनी विचारले, "केरबा, म्हातारा खोटं बोलला का रे?"

 तो पंगतीच्या टोकाला खुर्चीवर बसलेल्या शेठजींपुढे जाऊन उभा राहिला. त्याने विचारले, की पंपांची जुनी शेड उघडली तर आमच्यातल्या कित्येकांना आजच काम मिळेल. ती का उघडत नाही?

शेठजी रागावले नाहीत. ते म्हणाले, त्या धंद्यात आता काही राम राहिला नाही. मग त्यांनी पुढे वाकून, धीर द्यावा तसे म्हटले, "अरे, थोडी कळ काढ. सीमेवरच्या बातम्या चांगल्या आहेत."

हे बोलणे जवळच्या पंगतीने ऐकले. केरबाने पाहिले, की घास घेतलेले काही हात पानावरच थांबले आहेत. त्याला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली. याच तोंडाने त्याने हे शब्द आनंदाने उच्चारले होते. आणि त्या शिसारीबरोबर इतके दिवस अंगात कोंडलेला राग एकदम सरळ उभा राहिला. बायकोचा, पोरीचा, गुरुजींचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तो समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसावर होता.

"शेठजी," तो म्हणाला, "आम्हाला काम तुमच्याकडून हवे आहे. मेलेल्या माणसांकडून नको."

अनसूयाबाईंनी परात खाली ठेवली. पंगतीतला एक म्हातारा सुतार भरल्या पानावरून उठला. त्याच्या शेजारचा उठला. कोणी घोषणा दिली नाही, की कोणी पान लाथाडले नाही. माणसे नुसती उठत गेली, आणि वाढलेल्या पानांच्या रांगा तशाच राहिल्या. शेठजींच्या चेहऱ्यावरचे हसू जायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या सकाळपासून ती माणसे कारखान्याच्या फाटकाशी बसू लागली. पंपांची शेड उघडा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शेठजींनी पोलीस बोलावले, मग मध्यस्थ पाठवले, मग केरबाला एकट्याला कामावर परत घेण्याचा निरोप दिला. ज्यांचे काम टिकले होते तीही माणसे काही दिवसांनी यंत्रे थांबवून बाहेर येऊन बसली, तेव्हा कुठे जुन्या शेडचे कुलूप निघाले. सगळ्यांना काम मिळाले नाही. पगारही पूर्वीचा राहिला नाही. कित्येक घरे त्याआधीच गाव सोडून गेली होती आणि ती परत आली नाहीत. अनसूयाबाईंनी एक चूल पेटवली. दुसरी तशीच राहिली.

फाटकाशी बसण्याच्या त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट केरबा पुढे सांगत असे. एके दुपारी गुरुजी काठी टेकत तिथे आले आणि काही न विचारता जमिनीवर त्याच्या शेजारी बसले. केरबाने त्यांच्या पायांना हात लावला. 

मग केरबा म्हणाला, "गुरुजी, राग अजून गेलेला नाही."

"जायला कशाला हवा?" गुरुजी म्हणाले. "आता तो बरोबर दारात बसला आहे."

 केरबाने थोडे सरकून गुरुजींना सावलीत जागा करून दिली.