बाण तेवढा मागवा

कुंजरगडचे किल्लेदार दमाजीराव असे पट्टीचे नेमबाज, की समोरच्या डोंगरावर नेम धरला तर शेजारच्या गावातली शेळी मरायची. दोष मात्र धनुष्याचा ठरायचा आणि अंगठा जायचा ते करणाऱ्याचा. असे दोघे आधीच थोटे झाले होते.

आज तिसरा, येसू बुरूड, दरबारात ओंडक्यावर हात ठेवून बसला होता. शेजारी मोडक्या धनुष्याचे दोन तुकडे पडले होते.

"पहिल्याच ओढीला मोडलं," दमाजीराव शस्त्रांच्या पारख्याला म्हणाले. "मोरोपंत, दोष कुणाचा ते सांगा. ज्याचा असेल त्याचा अंगठा जाईल, देवीची शपथ."

पंतांनी तुकडे निरखले. बांबू खणखणीत होता. पण तसं सांगावं तर स्वतःची मान जायची.

"दोष उघड आहे, सरकार," ते म्हणाले. "हे मोडलं तेव्हा लावलेल्या बाणाच्याच पात्यानं अंगठा कापू. बाण तेवढा मागवा."

येसूनं डोळे मिटले.

"कसला बाण?" दमाजीराव खेकसले. "नुसती दोरी ताणून सोडली होती मी."

बाण न लावता दोरी सोडली की सगळा झटका धनुष्यालाच बसतो आणि चांगलं धनुष्यही मोडतं, हे गडावरच्या पाणक्यालाही ठाऊक होतं.

पंतांनी अदबीनं हात जोडले. "मग हा ओंडका कुणापुढे सरकवू, सरकार?"

दमाजीरावांनी उजवा अंगठा हळूच मुठीत झाकला. येसू घरी गेला. ती मूठ पुढे मरेपर्यंत उघडली नाही म्हणतात. आधीच्या दोघांना त्याचा काय उपयोग?