सोमणांच्या घरातला दिवा

वीज कंपनीच्या दिघेसाहेबांचा मीटरवर देवापेक्षा जास्त विश्वास. कोण किती वीज वापरतं एवढं बघून, एकटं राहणारं कुठलं म्हातारं माणूस ठीक आहे आणि कुठलं नाही, हे ते ऑफिसात बसून सांगत. एका संध्याकाळी ते चंपूकाकूंच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"काकू, आठ दिवस तुमचं मीटर हललेलं नाही. तुम्हाला आता एकटं राहणं झेपत नाही. वृद्धाश्रमात हलवा, असं मी तुमच्या मुलाला कळवतोय."

"अहो, मी बंबात पाणी तापवते, चुलीवर भात शिजवते, रात्री कंदील लावते. मीटर हलेल कसं?"

"मीटर खोटं बोलत नाही. शेजारच्या सोमणांकडून शिका! ठणठणीत माणूस. तिन्हीसांजेला त्यांचा दिवा लागला नाही, असं कधी झालेलं नाही."

काकू उठल्या. "चला, त्यांनाच विचारू. ते जा म्हणाले, तर आजच जाते."

दोघं सोमणांच्या ओटीवर पोचले, तोच आतला दिवा लागला. "बघा!" म्हणत साहेबांनी कडीला हात घातला. हाताला गंजलेलं कुलूप लागलं आणि बोटांना कोळ्याचं जाळं चिकटलं. आत पाऊल वाजलं नाही.

"सोमण शिमग्यातच वारले," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "दिवेलागणीला घर अंधारात नको, म्हणून मुलानं दिवा आपोआप लागायची सोय केलीय."

तेवढ्यात सोमणांच्या मीटरवरून साहेबांच्या फोनवर अक्षरं उमटली : 'सोमण सुखरूप.'

काकूंनी ती वाचली. "म्हणजे साहेब, तुमच्याकडे ठणठणीत दिसायचं, तर मला आधी मरायला हवं."