कोष्ट्याची गाठ आणि चांदरीची कास

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की गावाचं नाव सांगणारेच विसरले. पण शेळीचं नाव कुणी विसरलं नाही. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिला चांदरी म्हणत.

डोंगराच्या पायथ्याशी त्या गावात नागोजी नावाचा कोष्टी राहायचा. हाताचा मोठा कसबी, पण मनाचा भारी संशयी. त्याला तरी काय बोल लावायचा? सूत विकणाऱ्यांनी त्याला जन्मभर मापात मारलं होतं. कुणी हसून बोललं, की हा मनात म्हणायचा, याला माझ्याकडून काय हवंय?

त्याची एकुलती एक लेक बाळंतपणात गेली आणि दीड महिन्याची नात त्याच्या घरी आली. तिला गाईचं दूध पचेना. जाणती माणसं म्हणाली, शेळीचं पाजा, नाहीतर पोर हाती लागायची नाही. तेव्हा नागोजीनं चार लुगडी देऊन चांदरी घरी आणली. करडं सुटलेली, भरल्या कासेची शेळी. पण नागोजीनं उभ्या जन्मात शेळीच्या अंगाला हात लावला नव्हता.

गावच्या सगळ्या शेळ्या म्हाकूबाई नावाची म्हातारी धनगरीण डोंगरावर चारायला न्यायची. त्याबद्दल अमावस्येच्या दिवसाचं दूध तिचं, बाकी सगळं मालकाचं, अशी गावची रीत होती. म्हाकूबाईनं नागोजीला धार काढायला शिकवलं. सड ओढू नको, मूठ वळून दाब, म्हणाली. शेळीच्या कुशीला डोकं टेकून बस. आणि कास पुरती रिकामी केल्याशिवाय उठू नको; जेवढं मागं राहील, तेवढं शेळी उद्या कमी देते.

नागोजीनं मान हलवली. पण मनात म्हणाला, ही फुकटात का शिकवते?

आठ दिवस तांब्या भरला. नवव्या दिवशी दूध तांब्याच्या गळ्याखाली आलं. मग रोज थोडं थोडं उतरतच गेलं. इकडे पोरीची भूक वाढत होती आणि तिकडे दूध घटत होतं. नागोजीचं डोकं लगेच डोंगराकडे धावलं. जी उघडपणे एका दिवसाचं दूध नेते, ती चोरून किती नेत असेल!

त्यानं एक युक्ती काढली. जाड कापडाची पिशवी शिवली, ती चांदरीच्या कासेला चढवली आणि पाठीवर लाल सुतानं कोष्ट्याची गाठ मारली. ही गाठ गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. कुणी सोडली, तर परत तशी बांधता यायची नाही.

संध्याकाळी चांदरी परत आली. गाठ जशीच्या तशी होती, आणि दूध सकाळपेक्षाही कमी.

शहाण्या माणसाला एवढं पुरे होतं. पण संशय आणि शहाणपण एका घरात कधी नांदलंय का? नागोजी म्हणाला, म्हातारी पक्की आहे, गाठसुद्धा शिकली. दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवी अजून आवळून बांधली, आणि तिसऱ्या दिवशी चांदरीला डोंगरावर पाठवलंच नाही. मागाच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली.

शेळी कळपातला जीव. एकटी पडली, की तिच्या घशाखाली पाला उतरत नाही. चांदरी दिवसभर दाराकडे तोंड करून ओरडत राहिली. तिच्यापुढं टाकलेला शेवरीचा पाला तसाच सुकला. दूध आणखी आटलं. आता म्हाकूबाईवर आळ घ्यायची सोय उरली नाही, तर या गृहस्थानं आपल्या बायकोला, गोदाला विचारलं, की मी मागावर बसल्यावर शेळीकडे तू जातेस काय.

गोदा पोरीला मांडीवर थोपटत होती. ती म्हणाली, "माझ्या लेकीचं लेकरू आहे हे. त्याच्या तोंडचं मी काढीन?" आणि मग दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही.

अमावस्येच्या सकाळी नागोजी धार काढायला बसला, तर चांदरीनं लाथ मारून तांब्या उडवला. कास एका बाजूनं दगडासारखी घट्ट झाली होती आणि हाताला चटका बसत होता. आत पोर रडून रडून थकली होती. तेवढ्यात दारात म्हाकूबाई उभी राहिली. नागोजी कडवट हसून म्हणाला, आलीस का आपला वाटा न्यायला?

म्हाकूबाईनं पदराखाली झाकलेली दुधाची चरवी गोदाच्या हातात दिली. "माझ्या शेळीचं आहे. चांदरी दोन दिवस दिसली नाही, तेव्हाच म्हटलं, पोर उपाशी असणार."

मग ती कासेला हात लावून बघू लागली, आणि नागोजीला म्हणाली, रोज जशी काढतोस तशी काढ बघू. नागोजी बसला. दोन धारा काढल्या आणि दाराकडे पाहिलं. आणखी दोन काढल्या आणि म्हाकूबाईच्या हातांकडे पाहिलं. मग गोदाकडे. मग पुन्हा दाराकडे. कुणी बघतंय का, कुणी टपलंय का. चांदरी अंग चोरून उभी होती. धारा तुटल्या, तसा नागोजी उठला.

"बस खाली," म्हाकूबाई म्हणाली. "सात वेळा मान वळवलीस तू. अर्धं दूध कासेतच राहिलं, आणि रोज राहत आलंय. वरून ती पिशवी आवळलीस. दूध कुणी नेलं नाही, नागोजी. तू ते काढलंच नाहीस."

नागोजीची मान खाली गेली ती गेलीच. त्यानं स्वतःच्या हातानं लाल गाठ सोडली.

म्हाकूबाईनं कास कोमट पाण्यानं शेकली, हळदीचा लेप दिला, घटकेघटकेला पिळायला लावली. चांदरी वाचली, कळपात परतली, पाला खाऊ लागली. पण आजारी सड कायमचा गेला. एका सडाच्या दुधावर पोरीचं भागेना. कमी पडणारं दूध म्हाकूबाईच्या घरून येत राहिलं, वर्षभर, रोज, तिच्या वाट्याच्या अमावस्येलाही न चुकता. ज्या हाताला नागोजीनं चोर म्हटलं होतं, त्याच हातावर त्याची नात वाढली. चरवी घेताना प्रत्येक वेळी त्याचे डोळे भरून यायचे, आणि म्हाकूबाई ते पाहून न पाहिल्यासारखं करायची.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: चोर शोधायला निघण्याआधी आपले हात तपासावेत, कारण संशयी माणसाचं नुकसान चोरापेक्षा त्याचा संशयच जास्त करतो.