दोन मात्रांची शीळ

त्या राज्यात नावे लांब होती आणि संध्याकाळ आखूड.

डोंगराच्या पोटात एक गुहा होती. दिवसभर सगळे प्राणी उतारांवर चरत, आणि ऊन कलले की गुहेच्या तोंडाशी रांग लावत. तोंडावर एक धोंडा होता. तो जोराने हलत नसे, हाकेने हलत असे. म्हातारे कासव ढालबाबा धोंड्याशेजारी बसून एकेकाचे पूर्ण नाव घेई; धोंडा सरके, एक जण आत जाई, धोंडा पुन्हा बसे. एका नावाला एका संध्याकाळी एकदाच. हा नियम कोणी केला हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तो बदलून कोणाकडे मागायचा हेही कोणाला सुचत नसे.

नावे मात्र वाढत गेली होती. कोणाचा उतार कोणता, जाळी कोणती, आजोळ कोणते, हे प्रत्येक पिढीने नावाआधी जोडले होते आणि काढले कधीच नव्हते. ढालबाबाचे ‘उगवतीच्या उताराचा, करवंदीच्या जाळीतला, लांब कानांचा भैरू’ म्हणून होईपर्यंत दरीतला अंधार वर चढलेला असे. अंधारामागून लांडगा येई. रांगेच्या शेपटाला उगवतीच्या उतारावरचे ससे उभे असत, कारण ते राज्यात सर्वांत शेवटी राहायला आले होते. राज्याला हे दिसत होते. राज्य हळहळत होते, आणि दुसऱ्या दिवशी तशीच रांग लावत होते.

शेपटाजवळच्या बोरीवर पूर्वी एक काळाभोर कोतवाल पक्षी बसे. त्याची हाक लवकर येई. तो ती जाऊ देई आणि शेवटचा ससा आत जाईपर्यंत लांडग्याच्या डोळ्यांवर झेपा घेत राही. एका संध्याकाळी त्याचा नेम चुकला, लांडग्याचा चुकला नाही. जाता जाता त्याने आपले ‘भैरू’ हे नाव जवळच्यांच्या कानात सांगितले, कारण त्या राज्यात नाव रिकामे पडू देत नसत. मरणारा ते मागच्यांसाठी सोडून जाई. ज्याने नाव दिले त्याला त्या नावाला पुन्हा ओ देता येत नसे, आणि दुसरे घेताही येत नसे. पुढच्या वसंतात दोन ससे भैरू झाले, एक उगवतीच्या उताराचा, एक मावळतीच्या. उतार वेगळे म्हणून नावे वेगळी.

त्या पक्ष्याची लेक काजळी तेव्हा डोंगरांपलीकडच्या देशात शिकत होती. तिथे रोज नवी नावे घडत, एकदा वापरलेले नाव कोणी पुन्हा वापरत नसे. आणि तिथे शीळ होती. दोन मात्रांची. पहिल्या मात्रेत जे म्हणावे ते नावातून गळे. दुसऱ्या मात्रेत जे म्हणावे ते त्या जागी येई. दुसरी मात्रा मुकी सोडली तर जागा मोकळी राही. ही शीळ एकासाठी नसे, ऐकू जाईल तितक्या सगळ्यांसाठी असे. गुरू सांगत, आधी तळ्यावर वाकून पाण्याला ऐकवा, प्रतिबिंबांचे काय होते ते पाहा, मग जगाला. पण विद्यार्थ्यांत पैज लागे ती सर्वांत आखूड शिळेची, आणि पाण्याला घातलेली फुंकरही लांबीत धरली जाई. काजळी अशी एकही पैज हरली नव्हती.

वडिलांची बातमी तिला उशिरा कळली. ती परत आली ती थेट बोरीवर. खाली तिच्या वडिलांच्या नावाचा ससा, आता चांगला जवान झालेला, रांगेच्या अगदी टोकाला कान खाजवत उभा होता.

“काजळीताई, आमचं नाव येईपर्यंत पोटातलं गवत पुन्हा उगवतं बघ,” तो म्हणाला.

“माझ्या आप्पांचं नाव घेऊन शेपटाला उभा राहतोस, वर हसतोस?”

“रडलो तर लांडग्याला जागा कळते, ताई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ढालबाबापुढे उतरली. “बाबा, नावाआधीचं सगळं काढायचं. शेवटचा शब्द तेवढा ठेवायचा.”

“एकेकाचं काढत बसलीस तर माझ्याहून म्हातारी होशील, पोरी.”

“एकेकाचं नाही. सगळ्यांचं, एका दमात.”

ढालबाबाने मान बाहेर काढून तिच्याकडे नीट पाहिले. त्याचा घसा जन्मभराचा बसलेला होता. “माझा गळा तुझं नाव काढील,” तो म्हणाला. “फुंक.”

काजळी गुहेवरच्या सुळक्यावर बसली. तिने एकच मात्रा वाजवली आणि दुसरी मुकी सोडली. एवढी आखूड शीळ तिने शिकतानाही वाजवली नव्हती. सगळ्या उतारांवर सगळ्या माना एकदम हलक्या झाल्या. साळिंदर म्हणाली, “अगं बाई, माझं नाव मला आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकू आलं!” माकडे एकमेकांना उगाच हाका मारत सुटली.

त्या संध्याकाळी रांग ओढ्यासारखी वाहिली. साळू. झिपऱ्या. तांबडी. धोंडा सरके, बसे, सरके. ऊन अजून डोंगरमाथ्यावर होते. “भैरू!” ढालबाबाने हाक दिली, आणि रांगेच्या मधून मावळतीचा भैरू टुणकन आत गेला. मग उगवतीचे ससे, एकामागून एक. काजळी बोरीवरून पाहत होती, आणि तिला वाटत होते की आप्पा असते तर आज त्यांना झेप घ्यावीच लागली नसती.

मग एक ससा उरला.

“भैरू,” ढालबाबा म्हणाला. धोंडा हलला नाही. “भैरू! अरे, भैरू!” घसा फुटेतो त्याने हाक दिली. जुने लांब नावही घेऊन पाहिले; धोंड्याला आता ते ओळखू येत नव्हते.

“ताई,” ससा म्हणाला, “आज मी लवकर शेवटचा आलो.”

काजळीने उलटी शीळ घातली. बाहेरच्या सशाचे नाव पुन्हा वेगळे व्हावे म्हणून ‘उगवतीच्या उताराचा’ हे तिने नावाआधी जोडले. आत एकच गलका उठला. “मी उगवतीचा कधी झालो?” घुबड ओरडले. मावळतीच्या भैरूची आई किंचाळली, “माझ्या लेकाला तिकडचा कोणी केला?” शीळ सगळ्यांवर सारखी बसली होती. फक्त बाहेरच्या सशावर बसली नव्हती. त्याचे नाव दुसऱ्याबरोबर आत गेले होते, आणि शीळ धरील असे त्याच्याजवळ काही उरले नव्हते.

तिने तीच शीळ फिरवून ती जोड पुन्हा गाळली. आतला गलका शमला. ससा होता तिथेच होता.

दरीतून अंधार चढू लागला. त्यात दोन ठिणग्या दिसल्या.

ढालबाबा हलक्या आवाजात म्हणाला, “मीही म्हटलं होतं, फुंक. माझंही त्यात आहे, पोरी.”

काजळी खाली उतरली. डोंगरांपलीकडून आल्यापासून ती प्रथमच जमिनीवर सशाच्या उंचीला उभी राहिली. तिने त्याच्या लांब कानात चोच नेली आणि त्या संध्याकाळी अजून हाक न झालेला एक शब्द सांगितला.

“ताई, नको. मग तू?”

“मला पंख आहेत. जा.”

ढालबाबाने एक क्षण डोळे मिटले. मग रोजच्या आवाजात म्हणाला, “काजळी!”

धोंडा सरकला. ससा आत गेला. लांडग्याने उडी घेतली तेव्हा बोरीवरून काहीतरी काळे त्याच्या डोळ्यांवर कोसळले, आणि उजाडेपर्यंत कोसळत राहिले.

सकाळी ती बोरीवर होती. एक पंख फाटला होता.

नावे नंतर पुन्हा लांब झाली नाहीत. नवी पिल्ले येतात, जाळ्या बदलतात, नावांना काहीतरी चिकटत जाते, आणि मग सगळे एका दुपारी तळ्याच्या काठी गोळा होतात. बिननावाची एक पक्षीण पाण्यावर वाकते आणि शीळ घालते, इतकी हळू की काठावरचे गवतही हलत नाही. आधी प्रतिबिंबे बदलतात. सगळे माना वाकवून आपापले पाहतात.

परवा पाण्यात दोन खारी सरकत सरकत एकावर एक आल्या आणि एकच दिसू लागली. पक्षिणीने दुसरी मात्रा चोचीतच धरली. काठावर उभ्या असलेल्या, काजळी नावाच्या एका लांब कानांच्या सशाने पुढचा पाय पाण्यात बुडवला आणि तरंग उठवला. खारी पुन्हा दोन झाल्या.